साहेबाच्या गाडीला पाणी

त्या फटफटीची व्यंकटीला किळस यायची. सीट फाटून काथ्या बाहेर आलेला, सायलेन्सरला तारेचे वेढे, आणि टाकीवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून वर ‘लातूर’ रंगवलेलं, तेही वाकडं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कपाटं, खुर्च्या, पंखे सगळ्यांची वाटणी झाली. वाटणीत चांगलं कोण कुणाला देतो? तिकडच्यांनी ही ब्याद इकडं ढकलली, आणि इकडच्यांनी ती नायगावहून नव्यानं नोकरीवर आलेल्या व्यंकटीच्या गळ्यात बांधली. दुष्काळ पडलेला, गावोगाव टँकर चालू झालेले, आणि टँकर कुठं रिकामा होतो ते बघायचं काम व्यंकटीचं. वरचे साहेब म्हणाले, “नशीबवान आहात, गाडी मिळाली!” कप्पाळ मिळाली.

थंड असली की गाडी गुणाची. सकाळी एका किकला सुरू. पण दोन गावं हिंडून तापली, की रस्त्यातच आचके देत बंद पडायची. आणि एकदा बंद पडली की किक मारून मारून पोटरीला गोळे आले तरी हूं की चूं करायची नाही. लातूरच्या मिस्त्रीनं प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून पुसला. गाडी त्याच्या दारात थंड असायची, त्यामुळं तिथं ती लगेच सुरू व्हायची, आणि मिस्त्री व्यंकटीकडं असा बघायचा की जणू यालाच काही झालंय.

शेवटी औषध सापडलं ते एका खेड्यात. तिथल्या पाटलानं घागरभर पाणी इंजिनावर ओतलं, चुर्र झालं, वाफ निघाली, सगळ्यांनी बसून चहा घेतला, आणि मग किक मारली तर गाडी सुरू! तेव्हापासून ती रीतच पडून गेली. पाव्हण्याच्या पायावर पाणी घालतात तसं साहेबाच्या गाडीला पाणी. ज्या गावात टँकरची वाट बघत बाया उन्हात घागरी रांगेला लावून बसलेल्या असायच्या, तिथं सरपंच हाळी द्यायचा, “ए, सायबाच्या गाडीला पानी आना रे!” आणि रांगेतली पहिली घागर इंजिनावर जायची. पाणी तेल घेऊन मातीत उतरायचं, बाया टकामका बघायच्या. व्यंकटीला सुरुवातीला ओशाळल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. सवय झाली हे आठवलं की त्याला स्वतःचीही शिसारी यायची; पण तेवढ्यापुरतीच. गाडी सुरू झाली की तो ते विसरून जायचा.

एक हुशारी मात्र त्यानं स्वतःच्या डोक्यानं केली होती, आणि तिचा त्याला अभिमान होता. कचेरीतून पेट्रोल मिळायचं तुटपुंजं. मराठवाड्यातलं ऊन हे असं. टाकीच्या झाकणाला वर बारीक भोक, त्यातून पेट्रोल उडून जाणार नाही तर काय? त्यानं कपड्याच्या साबणाचा तुकडा मळून ते भोक बुजवून टाकलं. साबण वाळून तडकला की तो दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी नवा दाबायचा. त्या दिवशी मात्र निघता निघताच त्यानं ताजा साबण अंगठ्यानं चांगला दाबून बसवला, आणि आंबेवाडीला निघाला.

आंबेवाडी निलंग्याच्या बाजूला. गावात टँकर रोज यायचा आणि गावविहिरीत ओतला जायचा. विहीर सगळ्यांची. तसं सरपंच किशनराव छातीवर हात ठेवून सांगायचे, “आमच्यात भेदभाव न्हाई सायेब, इच्यारा कुनालाबी.” फक्त भीमनगरच्या, म्हणजे बौद्धवस्तीतल्या, बाया आल्या की पोहरा कुणाच्या तरी हातात असायचा आणि त्या हातातून तो काही सुटायचा नाही. पाणी तळाला गेलं, गढूळ झालं, की मग सुटायचा. कुणी कुणाला अडवलं म्हणावं तर अडवलं नव्हतं. व्यंकटीनं हे आठवडाभर डोळ्यांनी बघितलं आणि त्याच्या तोंडाची चव गेली. त्याच्या नायगावकडच्या शेतावरही बौद्धांच्या बाया खुरपायला यायच्या. आई त्यांना वरून ओंजळीत पाणी घालायची. लहानपणी त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि लई वाटलं.

त्यानं वरच्या साहेबांच्या मागं लागून हुकूम काढून आणला: आजचा टँकर भीमनगरच्या विहिरीत. पण टँकरवाला मलप्पा पक्का घाबरट. मागं एका गावात लोकांनी त्याला कॅबिनमधून ओढलं होतं. “हुकूम तुमच्या खिशात ऱ्हातो, मार माज्या पाठीत बसतो,” तो म्हणाला. “तुमी सोता फाट्यावर हुबं ऱ्हावा, तर भीमनगरला वळतो. तुमी न्हाई दिसले तर म्या गावातच वततो आन् जातो. दुसऱ्या कुनाचं ऐकायचो न्हाई.”

“राहतो की उभा,” व्यंकटी म्हणाला. “तू फक्त ये.”

तर तो सकाळी लवकर भीमनगरात पोचला, विहीर बघायला. बायांनी विहिरीचा तळ झाडून लख्ख केला होता. पालापाचोळा, खापऱ्या सगळं बाहेर. एखाद्या घरी लग्न असावं तसं; काठावर सडा नव्हता एवढंच, कारण सड्याला पाणी कुठलं? सरजाबाई नावाची एक म्हातारी सगळ्यांच्या पुढं होती. तिच्या सुनेला, गुणाबाईला, आदल्या रात्री मुलगा झाला होता.

“पानी येतंय का खरंच, सायब?”

“हा काय निघालोच फाट्यावर, मावशी. टँकर घेऊनच येतो.”

फाटा दीड कोसावर. ऊन चढू लागलेलं, पण वेळ भरपूर होता. व्यंकटीनं ऐटीत किक मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. पुन्हा. गाडी येतानाच तापली होती, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. त्यानं प्लगची वायर काढून फुंकली, पुन्हा बसवली. चोक ओढला, सोडला. शर्ट पाठीला चिकटला. चार बाप्यांनी ढकलली. धुळीत पन्नास पावलं नेली, उतारावर सोडली, तरी ती मेल्या रेड्यासारखी नुसती गडगडत गेली आणि लिंबाखाली थांबली.

“सायब,” सरजाबाई म्हणाली, “चालत चला की. माजा ल्योक दगडोबा येतो संगं. ऊन वर यायच्या आत पोचसाल.”

व्यंकटी हसला. चिडून हसला. साहेब माणूस चालत जाऊन फाट्यावर उभा राहणार? आणि गाडी काय, पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न. “तापलीय मावशी, दुसरं काही नाही. जरा पाणी मिळालं असतं तर लगेच झाली असती.”

बोलून गेला. रोज बोलायचा तसंच बोलून गेला.

सरजाबाईनं दगडोबाकडं बघितलं. दगडोबानं मान खाली घातली. मग म्हातारी घरात गेली आणि फडक्यानं तोंड बांधलेली घागर कडेवर घेऊन बाहेर आली. आतून गुणाबाईचा आवाज आला, “आत्याबाई, ते लेकराचं पानी हाय.”

“म्हाईत हाय. ह्या एका घागरीपायी समदा टँकर घालवू का?” सरजाबाई व्यंकटीकडं वळली. “रातभर झिऱ्यावर बसून वाटीवाटीनं भरलंय, सायब. दमानं घाला.”

नको म्हणायला पाहिजे होतं. जिभेवर आलंही होतं. पण फाट्यावर मलप्पा डोळ्यांपुढं दिसत होता, आणि रोजचं औषध समोर होतं. व्यंकटीनं घागर घेतली. इंजिनावर धार धरली. चुर्र झालं, वाफ निघाली, पाणी काळं होऊन खाली मातीत गेलं. एक कुत्रं जीभ काढून धावत आलं आणि ओली माती चाटायला लागलं. कुणी त्याला हाकललं नाही.

किक मारली. काही नाही. उरलेलं ओतलं. घागर पालथी झाली. किक मारली. काही नाही!

“पेट्रोल तरी हाय का?” दगडोबा हळूच म्हणाला.

आहे की, कालच तर भरलं, असं पुटपुटत व्यंकटीनं टाकीचं झाकण फिरवलं. ते कधी नव्हे इतकं घट्ट बसलं होतं. जोर लावला तसं आतून फस्सकन आवाज झाला, टाकीनं मोठा श्वास घ्यावा तसा. आत पेट्रोल होतं, चांगलं अर्धी टाकी. त्यानं झाकण तसंच हातात धरून उगाच किक मारली.

गाडी सुरू झाली. पहिल्याच किकला.

व्यंकटी झाकणाकडं बघत राहिला. भोकात हिरवा साबण, त्यावर त्याच्याच अंगठ्याचा ठसा. त्याला सगळं एका दमात कळलं. ते भोक हवा आत जाण्यासाठी होतं. हवा गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही, आणि गाडी मरते. मग लोक पाणी ओतायचे, चहा प्यायचे, गप्पा हाणायचे, तेवढ्यात तडकलेल्या साबणातून जराशी हवा शिरायची आणि गाडी जिवंत व्हायची. आज साबण ताजा होता, म्हणून हवेला फटही नव्हती. पाण्याचा काडीचा संबंध नव्हता. गावोगावच्या त्या सगळ्या घागरी! आणि ही.

“लागलं बगा पानी!” एक बाई ओरडली. पोरीबाळी टाळ्या पिटायला लागल्या. सरजाबाईच्या सुरकुत्या पसरल्या. “झाली न्हवं थंड? माज्या पान्याला गुन हाय म्हना. पळा आता, सायब.”

नखानं साबण उकरून व्यंकटीनं मुठीत घेतला, झाकण लावलं आणि गाडी सोडली.

फाट्यावर कुणी नव्हतं. धुळीत चाकांचे ठसे आणि टँकरमधून गळलेले ओले ओघळ गावाकडं वळले होते.

तो गावविहिरीवर पोचला तेव्हा मलप्पा पाइप गुंडाळत होता. “तुमची वाट बगत ऱ्हायलो सायब, लई वेळ. मग गावातली मानसं आली. माजा काय इलाज?” त्यानं पाइप चढवला, टँकर फिरवला आणि निघून गेला.

विहिरीवर पोहऱ्यांची झुंबड उडालेली. किशनराव कडक इस्त्रीत, हसत पुढं आले. “या सायेब, या! चुकामूक झाली म्हनं? असू द्या हो, पानी गावातच तर हाय, कुठं जातंय! भीमनगरच्याबी बाया येतील, भरतील.” मग ते मागं वळून ओरडले, “ए, बगता काय? सायबाच्या गाडीला पानी आना!”

भरलेली बादली आली. नितळ पाणी, काठोकाठ. गडी ती इंजिनावर उलटी करणार तोच व्यंकटीनं त्याचं मनगट धरलं, इतक्या जोरात की गडी घाबरला. “खबरदार! एक थेंबसुद्धा ओतला तर!” किशनरावांचं हसू तसंच राहिलं; त्या हसण्याकडं बघवेना. मळलेलं कापड असतं ना, वरून इस्त्री केलेलं, तसं ते हसू. आणि त्या हसणाऱ्या माणसाच्या घरचा चहा आपण आठवडाभर प्यालो, त्याच्या रांगेतल्या घागरी या लोखंडावर ओतू दिल्या, हे मनात येऊन व्यंकटीनं बादली बाजूला सारली. “एक घागर द्या,” तो म्हणाला. “भरून. तोंडाला फडकं बांधून.”

“कुनाला पायजे?”

“मला.”

साहेबाला नाही कोण म्हणणार? घागर मिळाली. ती टाकीवर ठेवून, एका हातानं पोटाशी आवळून, तो हळूहळू भीमनगरात आला. बाया विहिरीच्या काठावर अजून बसल्या होत्या. टँकरचा आवाज नाही, नुसती गाडी आली, तेव्हा कुणाला काही सांगायची गरज राहिली नाही. एकेक बाई उठली आणि आपापली घागर उचलून घरात गेली.

सरजाबाई तेवढी थांबली. व्यंकटीनं गाडी बंद केली, घागर उतरवून तिच्यापुढं धरली.

तिनं फडकं सोडलं, आत बघितलं. मग घागर दोन्ही हातांनी उचलून ती गाडीकडं निघाली. “आधी हिला घालताव, सायब. न्हाईतर उद्या पुन्ना बंद पडंल, आन् उद्याचाबी टँकर जाईल.”

“नको! मावशी, थांबा. नको.” त्यानं घागर धरली. घागरीच्या एका काठाला तिचे हात, दुसऱ्या काठाला त्याचे. “हिला पाणी नको होतं. कधीच नको होतं.” त्यानं मूठ उघडून साबणाचा तो चुरा दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. भोक, साबण, पेट्रोल वाचवायची हुशारी, सगळं. दगडोबा लिंबाखाली उभा राहून ऐकत होता.

सरजाबाईनं साबणाकडं बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“म्हंजे चालत गेलं असतं तर पोचलं असतं,” ती म्हणाली.

“हाव.”

“म्या म्हनलं व्हतं.”

“हाव, मावशी.” “उद्या मी मलप्पाच्या शेजारी कॅबिनमध्ये बसून येतो. गाडी आणतच नाही.”

“उद्याचं उद्या,” ती म्हणाली, आणि घागर कडेवर घेऊन आत गेली. आतून तान्ह्या लेकराचं रडणं आलं, मग पाण्याचा आवाज, आणि रडणं थांबलं.

व्यंकटी गाडीपाशी आला. इंजिनाला हात लावला तर चटका बसला. भर उन्हात ती चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती. त्यानं किक मारली. ती लगेच, एका किकला सुरू झाली, आणि तिची एवढी किळस त्याला आजवर कधी आली नव्हती.