आपल्या बाजूचं माणूस

मृणाली सकाळपासून मनाशी भांडणाची तयारी करत होती. लेकीला, सानवीला, गावच्याच शाळेत ठेवायचं की रत्नागिरीला, तिच्यासारख्या मुलांच्या वसतिगृहात पाठवायचं, ते आजच्या बैठकीत ठरणार होतं. नवरा जहाजावर, म्हणजे भांडायला ही एकटी. आठ वर्षांची पोर, बोलत नाही, आईच्या गाऊनचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही, आणि ती म्हणे वसतिगृहात राहणार.

बैठक चालवायला रत्नागिरीहून श्रद्धाताई येणार होत्या. त्या ना शाळेच्या, ना पालकांच्या. दोघांना नीट बोलतं करायचं एवढंच त्यांचं काम. पण माणूस कुठलं ते विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणाला चैन पडतं? मृणालीने चौकशी केली तर बाई निघाल्या पावसच्या, म्हणजे हिच्या माहेरच्या. हिचा जीव भांड्यात पडला. भावाला सांगून तिने बाईंच्या घरी नारळ नि आमसुलं पोचती केली. वसतिगृहाचा हट्ट धरलेले वर्गशिक्षक दीपक सर आता काय करतात बघू, म्हणाली.

बैठकीला बसल्याबसल्या श्रद्धाताईंनी ती पिशवी टेबलावर ठेवली.

"ही काल यांच्या भावाने माझ्या घरी दिली. मी परत आणलीय. सर, माझ्याबद्दल खात्री वाटत नसेल तर दुसरं कुणीतरी येईल."

धरणीने पोटात घ्यावं असं मृणालीला झालं. आपल्याच हाताने पोरीचं वाटोळं केलं, बस.

दीपक सर पिशवीकडे बघत राहिले. मग कान खाजवत म्हणाले, "राहू द्या ताई. मीपण परवा तुमच्या मिस्टरांना फोन केला होता. आमच्या मेव्हण्यांच्या ओळखीचे निघाले."

"ते मला ठाऊक नव्हतं," श्रद्धाताई म्हणाल्या. "पण मी दोघांपैकी कुणाच्याच बाजूने बोलणार नाही. दोघांना एकच विचारते. तुम्हाला भीती कसली वाटते?"

"अभ्यासात मागे पडते," सर म्हणाले.

"ते झालं. भीती कसली?"

मृणालीची अब्रू तर गेलीच होती, आता लपवून काय करायचं? "पळते ती," ती म्हणाली. "दुपारची. दोनदा जेटीवर सापडली. शाळेत कळलं तर काढून टाकतील म्हणून बोलले नाही."

सरांचा चेहरा उतरला. "शाळेतूनही पळाली होती. जेटीच्या अगदी कडेला उभी होती, मागून धरली मी. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. दोन वर्ग नि मी एकटा. वसतिगृहात निदान फाटक बंद असतं."

मृणालीला जेटीची ती कड डोळ्यांपुढे दिसली. सरांचा रागही आला. पण लपवलं तर तिनेही होतं.

"दुपारीच का जाते?" ताईंनी विचारलं.

मृणालीच्या आत्ता कुठे लक्षात आलं. "तिचा बाबा दुपारच्या लाँचने गेला. तिथूनच."

"मग नेऊ या की तिला," सर म्हणाले. "रोज मधल्या सुट्टीत, लाँच बघायला. मी नेतो. दिवाळीपर्यंत करून बघू, मग परत बसू."

श्रद्धाताईंनी तेवढं लिहून घेतलं. स्वतःचं मत त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"सर, हात सोडू नका हो," पिशवी उचलताना मृणाली म्हणाली. तरी तिचा पाय निघेना. मधल्या सुट्टीची घंटा होईस्तोवर ती फाटकापाशी उभीच राहिली.

सर सानवीला घेऊन बाहेर आले. हात सरांनी धरला होताच. दुसऱ्या मुठीत सानवीने त्यांच्या शर्टाचं टोक घट्ट पकडलं होतं.