दुसऱ्याच्या तोंडातला दात

फरीदाबादच्या एका पंपांच्या कारखान्यात कामगारांच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी चालली होती. कँटीनमधल्या टेबलापाशी दातांची डॉक्टर निधी बसायची आणि शेजारी कॅमेऱ्याची इंजिनीअर सुनेत्रा. पेनाएवढा कॅमेरा तोंडात घालायचा, केबल मोबाईलला जोडायची, की गालाच्या आतलं सगळं मोबाईलवर दिसायचं. कॅमेरा सुनेत्राच्या कंपनीचा होता, आणि चित्र मोबाईलपर्यंत नेणारा प्रोग्रॅम तिच्या टीमचा.

दोन दिवसांत दोनशे बारा तोंडं पाहून सुनेत्राची अन्नावरची वासनाच उडाली होती. गुटख्याने काळे पडलेले दात, हिरड्यांतून येणारं रक्त, आणि तो कुबट, गोडसर वास. डबा उघडला तरी तोच वास यायचा.

"सवय होते, यार," निधी म्हणायची. दिल्लीतच वाढलेली, तिचं मराठी असंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचे फोटो चाळताना निधी थांबली.

"हे खंडेराव म्हणजे गेटवरचे सिक्युरिटीवाले ना? फौजेतून रिटायर झालेले?"

"हो, साताऱ्याकडचे. का?"

"त्यांना सोन्याचा दात आहे?"

नव्हता. सुनेत्राला पक्कं आठवत होतं, कारण इतक्या माणसांत मराठी बोलणारे ते एकटेच, आणि तिचं बोलणं ऐकून ते तोंडभर हसले होते. सोन्याचा दात होता त्यांच्या आधी बसलेल्या लेथवरच्या माणसाला. फोटोत मात्र खंडेरावांच्या डाव्या गालावर एक आडवी पट्टी होती. पट्टीत तो दात चमकत होता, आणि त्याला लागून त्या दुसऱ्या माणसाचा स्वच्छ, गुलाबी गाल. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड चिकटवलेलं.

निधीने खंडेरावांना बोलावून टॉर्चने पाहिलं. पट्टीने जे झाकलं होतं तिथे पांढरा, खरबरीत चट्टा होता, बोटाच्या पेराएवढा.

"काल तर सगळं चांगलं आहे म्हणालात, ताई," खंडेराव सुनेत्राकडे बघत म्हणाले. "मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा."

निधीने सांगितलं, की घाबरू नका, पण तुकडा काढून तपासायला हवा.

सुनेत्रा तिथून थेट नोएडाच्या ऑफिसात गेली. चूक कुठे असणार हे तिला वाटेतच कळलं होतं. केबलमधून चित्र मोबाईलला पाठवायच्या दोन पद्धती होत्या. एकीला बल्क म्हणतात. तीत एखादा तुकडा वाटेत बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो. उशीर होतो, चित्र अडखळतं, पण येतं ते पुरं. दुसरी आयसोक्रोनस. तीत चित्र वेळेवर येतं, पण बिघडलेला तुकडा गेला तो गेलाच. ही दुसरी पद्धत सुनेत्रानेच निवडली होती. ऑफिसात तुकडे फारसे गळत नव्हते. जे गळतील त्यांच्या जागी काळी पट्टी दिसेल, असं तिने ठेवलं होतं, म्हणजे फोटो पुन्हा काढता येईल. कारखान्यात शेजारीच वेल्डिंग चालायचं, तिथे तुकडे भराभर गळत होते. तरी काळी पट्टी एकदाही दिसली नव्हती.

तिने प्रोग्रॅम उघडला. काळ्या पट्टीची ओळ काढून तिथे मागच्या चित्राचा तुकडा भरला होता, मग ते चित्र आधीच्या माणसाचं का असेना. बदल करणाऱ्याचं नाव होतं शार्दूल, तिचा टीम लीड. दोघं पुण्याला एकाच कॉलेजात होते.

"हे तू केलंस?"

"डेमोच्या आधी, हो." शार्दूल पराठा खात होता. "काळे पट्टे बघून क्लायंट उठून गेला असता. आता कसं, बिल्कुल स्मूथ."

"शार्दूल, त्यात दुसऱ्या माणसाचं तोंड येतंय. एकाचा चट्टा झाकला गेला."

"दोनशेत एक ना? पुढच्या व्हर्जनला बघू." त्याने बोटं चाटली. "आणि टेस्ट रिपोर्टवर सही तुझी आहे हं. उगाच बोभाटा करू नकोस."

त्याच्या तुपकट बोटांकडे बघून तिला वाटलं, कारखान्यातलं एकही तोंड इतकं घाण नव्हतं. पण सही तिचीच होती, हेही खरं. डेमोच्या दिवशी पट्ट्या अचानक नाहीशा झाल्या तेव्हा तिने का म्हणून विचारलं नव्हतं. चित्र छान दिसत होतं, टाळ्या पडत होत्या. तिला स्वतःचीही किळस आली.

त्या दुपारी तिने प्रोग्रॅम बल्कवर नेला आणि कॅम्प चालवणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं: दोनशे बारापैकी एकाही फोटोवर विसंबू नका, सगळ्यांना पुन्हा तपासा. कारण लिहिलं, आणि खाली आपलं नाव. शार्दूलचं नाव तिने घातलं नाही. बदल कधी झाला ते मात्र तारखेसकट लिहिलं.

पुढच्या सोमवारी तिला त्या कामावरून काढून बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर टाकलं. त्याच आठवड्यात संस्थेच्या लोकांसमोर शार्दूलने बल्क पद्धत दाखवली. "पेशंटच्या सुरक्षेसाठी आम्ही जाणीवपूर्वक हा निर्णय घेतला," तो म्हणाला. काचेपलीकडून ते ऐकताना सुनेत्राला खरंच मळमळलं, आणि ती तोंड धुवायला उठून गेली.

फेरतपासणीत आणखी दोघांना चट्टे सापडले. खंडेरावांचा रिपोर्ट आला त्या दिवशी ती सुट्टी काढून फरीदाबादला गेली. कॅन्सर नव्हता, पण चट्टा त्याच्या उंबऱ्यावर होता. तंबाखू आजपासून बंद, असं निधीने बजावलं.

बाहेर आल्यावर खंडेरावांनी विचारलं, "ताई, तो फोटो कुणी बिघडवला हो?"

"आमच्याच ऑफिसातल्या एकाने. आणि मी नीट न बघता त्यावर सही केली."

खंडेरावांनी खिशातून तंबाखूची पुडी काढून नालीत टाकली आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून गेटकडे निघून गेले. तिला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.