साउमावशीची टाळी

नाटक होतं संध्याकाळी, पण ते चांगलं की वाईट हे ठरतं दुसऱ्या दिवशी सकाळी, न्यूंगच्या कॉफीच्या टपरीवर. कालव्याकाठच्या त्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून म्हातारी मंडळी जे बोलतात, तेच दुपारपर्यंत बाजारभर होतं, आणि मग ज्यांनी नाटक पाहिलेलंच नाही तेही नाक मुरडायला मोकळे होतात. नटनट्यांना हे चांगलं ठाऊक आहे. कित्येक जण न्यूंगच्या टपरीवरून जाताना मान खाली घालून जातात.

या खुर्च्यांमधली मानाची खुर्ची साउमावशीची. बाजारात तिचा कापडाचा गाळा होता, तो आता सून सांभाळते. मावशीला उरलंय ते नाटक. काय लुओंग, म्हणजे या नदीमुलखातलं संगीत नाटक, त्याचा गावात आलेला खेळ तिनं कधी चुकवला नाही, नवरा आजारी होता तेव्हाही नाही. त्याबद्दल सून अजून टोमणे मारते.

या नाटकात एक जागा अशी येते की लोक तिच्यासाठीच तिकीट काढतात. वाद्यं गप्प होतात. गाणारी एकटीच एका दमात शब्दांमागून शब्द म्हणत सुटते, ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो, आणि मग शेवटच्या दोन शब्दांवर ती आवाज वरून अलगद सोडते आणि आमच्या सरगमातल्या पहिल्या, ‘हो’ या सुरावर उतरते. ती उतरली की गिटार आणि लाकडी टिपरी तिला झेलतात आणि थिएटर टाळ्यांनी दणाणतं. टाळी नेमकी उतरण्यावर पडायला हवी. आधी पडली तर गाणं मोडतं, आणि उशिरा पडली तर ती टाळी कसली, ती भीक. आमच्या गावात ही पहिली टाळी साउमावशीची. तिसऱ्या रांगेतून तिचा तळवा वाजला की मग बाकीचे. असा नियम कोणी केला नव्हता, तो आपोआप झाला होता, आणि गावाला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या गावाहून आलेल्या मंडळींनाही तो आधी सांगून ठेवत.

आणि गेली दोनेक वर्षं साउमावशीला नीट ऐकू येत नव्हतं.

उजवा कान पार गेला होता. डाव्यात रस्ता, पंखा, माणसं सगळं मिळून एकच घों घों यायचं, आणि बारीक चढे सूर तर यायचेच नाहीत. हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. सुनेला ती म्हणे, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. टपरीवर ती स्वतःच बोलत राही, म्हणजे कोणी काही विचारायला नको. थिएटरात ती डोळ्यांनी ऐके. उतरताना गाणारीची हनुवटी खाली येते, गळ्याची ताठलेली शीर सैल पडते. तेवढं पाहून ती टाळी देई आणि ती बरोबर पडे. इतकी बरोबर, की आपल्याला ऐकू येतंच आहे असं अलीकडे तिलाही वाटू लागलं होतं.

काल दिएप गात होती. पोरगी नवीन, पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत. सासरी निघालेली मुलगी आईपुढे गुडघे टेकते तो प्रवेश. ती लांबलचक ओळ म्हणत आली आणि शेवटचे दोन शब्द तोंडात असतानाच तिनं आईपुढे मान झुकवली. असं याआधी कोणी केलं नव्हतं. हनुवटी खाली आली, आणि साउमावशीची टाळी पडली. तिच्यामागून अख्खं थिएटर. गिटारवाल्यानं टाळ्या ऐकल्या, त्याला वाटलं उतरली, त्यानं सुरुवात केली. दिएपचे दोन शब्द तसेच राहिले. तिनं ते गिळले, पुन्हा धरायला गेली, तोवर टिपरी कुठल्या कुठे गेली होती. पुढची सगळी ओळ ती तालाबाहेर धडपडत राहिली. मागून कोणीतरी शीळ घातली. दिएपनं एकदाच तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, आणि त्या नजरेवरून साउमावशीला कळलं की काय झालं.

आज सकाळी ती टपरीवर येणारच नव्हती. पण न यावं तर लोक चौकशीला घरी येतात.

मुओईताई आधीच येऊन बसली होती. ही बाजारात बदकाची अंडी विकते आणि कॉफीत इतकं घट्ट दूध घालून घेते की न्यूंग तिला कॉफी न म्हणता खीर म्हणते. तिच्या नातीनं तिला कॅन्थो शहरात गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला नेलं होतं, त्याचंच पुराण चाललं होतं. बसायला खुर्च्याच नाहीत, हातात दिव्याच्या कांड्या, आणि गाणारा तोंड उघडायच्या आत पोरंच सगळं गाणं म्हणून टाकतात. त्याचा आवाज कसा आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

“मग तिकीट त्यानं काढायला हवं होतं,” तामदादा म्हणाला.

सगळे हसले. साउमावशी त्यांच्याकडे बघून अर्धा क्षण उशिरा हसली.

तामदादा पूर्वी होडीघाटावर तिकिटं फाडायचा. आता देवळाच्या समितीवर आहे आणि समितीपेक्षा मोठ्या आवाजात बोलतो, ही साउमावशीची मोठीच सोय होती. पुढच्या आठवड्यात देवळाचा उत्सव, त्यात दिएपच्याच नाटक मंडळाचा खेळ. काल घडलं ते समितीच्या कानावर गेलं होतं. त्या मुलीला बदलून दुसरी कोणी उभी करा, असं काही जणांचं म्हणणं होतं, आणि दुपारच्या आत तामदादानं आपलं मत कळवायचं होतं. त्याचं मत म्हणजे या टपरीचं, आणि टपरीचं मत म्हणजे साउमावशीचं.

तरी आज तीच गप्प, म्हणून बाकीच्यांनी सुरुवात केली. मुओईताई म्हणाली, पोरगी दिसायला गोड आहे, पण दमच नाही. तामदादा म्हणाला, ताल हा उपजत असावा लागतो, कालच्या पोरीच्या अंगात तो नाही. टाळी पडली तरी ही आपली अजून हवेतच, असं त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. न्यूंगनं ग्लास पुसता पुसता विचारलं, टाळीच आधी पडली असेल तर? त्यावर तामदादा तिच्याकडे असा बघत राहिला की जणू तिनं नदी उलटी वाहते का असं विचारलं.

“साउची टाळी,” तो म्हणाला. “साउची टाळी आधी पडते?”

न्यूंग मुकाट्यानं बर्फ फोडायला गेली. साउमावशीला हे बोलणं अर्धं ओठांवरून आणि अर्धं त्याच्या आवाजामुळे कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की ही खुर्ची गेली, तिसरी रांग गेली, आणि मग सुनेच्या घरात कोपऱ्यात बसून भाजी निवडायची. हे तिला स्वच्छ दिसत होतं. म्हणून ती मूग गिळून चमच्यानं बर्फ ढवळत बसली. याला भित्रेपणा म्हणतात, आणि तोच शब्द तिच्याही मनात आला.

तेवढ्यात दिएप आली. स्कूटर लावून, हेल्मेट काखेत धरून तिनं हात छातीशी दुमडले, सगळ्यांना मान लववली आणि साउमावशीच्या डाव्या बाजूला पायरीवर बसली. रंग धुतलेला तिचा चेहरा अगदीच शाळकरी दिसत होता. तामदादानं पेपर उघडून त्यात डोकं खुपसलं. ज्याच्याबद्दल बोलावं तोच समोर येऊन बसला की तामदादाची अशी पंचाईत होते.

“मी निरोप घ्यायला आले, मावशी,” दिएप म्हणाली. ती थेट तोंडाकडे बघून सावकाश बोलत होती, त्यामुळे मावशीला प्रत्येक शब्द कळला. “उद्याच्या गाडीनं सायगॉनला जाते. बुटांच्या कारखान्यात मैत्रिणीनं विचारून ठेवलंय.”

“का?”

“माझा कान गेला, मावशी. मला वाटत होतं दोन शब्द अजून राहिलेत. पण तुमची टाळी पडली. म्हणजे मी उतरले होते, आणि मलाच कळलं नाही. ज्याला स्वतःचं उतरणं कळत नाही त्यानं गाऊ नये.”

खापर फोडायला आली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी चाललं असतं. ही तर शांतपणे स्वतःचा गुन्हा कबूल करत होती, आणि गुन्हा तिचा नव्हता. साउमावशीनं चमचा खाली ठेवला.

“तुझा कान शाबूत आहे,” ती म्हणाली. “गेलाय तो माझा. तुझे दोन शब्द राहिले होते. मी आधी वाजवली.”

पेपर खाली आला. मुओईताई म्हणाली, साउताईचं मनच मोठं, पोरीला सावरायला दोष अंगावर घेते. तामदादा म्हणाला, समजूत काढायची तर दुसरी काही काढ, कानाचं खोटं बोलू नकोस, तुझा कान म्हणजे गावाचा कान आहे. साउमावशीनं पुन्हा सांगितलं. मुओईताईनं पुन्हा तिच्या मनाचं कौतुक केलं. खरं बोलायला एवढा जीव गोळा करावा आणि लोकांनी त्याला चांगुलपणा म्हणावा, याचा तिला भयंकर संताप आला.

“तोंडावर पेपर धर,” ती तामदादाला म्हणाली. “आणि बोल काहीतरी.”

त्यानं हसत पेपर वर केला. पेपर जरासा हलला. तो खाली आला तेव्हा मुओईताईचा हात तोंडावर गेला होता आणि न्यूंग बर्फ तसाच टाकून उभी होती.

“काय म्हणालो मी?” तामदादानं विचारलं.

“मला काय माहीत,” साउमावशी म्हणाली.

आता दिएपचा जीव भांड्यात पडेल, असं मावशीला वाटलं. पण दिएप तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा मागमूस नव्हता.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

“म्हणजे नव्या वर्षाला, तेतच्या सणाला मी ती छोटी भूमिका केली, तेव्हा तुम्ही मागे येऊन माझा हात धरलात. म्हणालात, हा गळा कारखान्यात घालवू नकोस. त्या एका वाक्यावर मी नोकरी सोडली, मावशी. घरी भांडले. ते तुम्ही ऐकून म्हणाला होतात ना?”

इथं थोडंसं खोटं बोलता आलं असतं. तेव्हा थोडंफार ऐकू येत होतं म्हणायचं, झालं. साउमावशीला तो मोह झाला, आणि त्याची तिला लाजही वाटली.

“नाही,” ती म्हणाली. “तुझ्या गळ्याची शीर पाहिली होती. जीव तोडून म्हणत होतीस, ते आवडलं मला. ऐकू काही आलं नव्हतं.”

दिएपनं मान हलवली. मग तिनं एकेकाकडे पाहिलं, तामदादाकडे, मुओईताईकडे.

“मग मला ऐकलं कोणी?”

मुओईताई ग्लासात बघायला लागली. तामदादानं पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. दोघंही तेतला थिएटरात होते, दोघांनीही टाळ्या पिटल्या होत्या. तीस-तीस वर्षं नाटकं पाहिलेली ही माणसं, पण साउचा तळवा वाजला म्हणून त्यांनी वाजवलं होतं.

“आत्ता म्हण,” साउमावशी म्हणाली. “कालचीच ओळ. हे ऐकतील. मी बघणारसुद्धा नाही.”

तिनं खुर्ची उचलून कालव्याकडे तोंड करून ठेवली आणि पाठ फिरवून बसली. हात मांडीखाली घातले, म्हणजे चुकूनही वर यायला नकोत. समोरून फुलांच्या कुंड्या लादलेली होडी चालली होती, तिच्या इंजिनाची धडधड छातीत जाणवत होती. मागे पोरगी गात होती की नाही, तेही तिला समजायला मार्ग नव्हता. ती ओळ तिला पाठ होती. तिनं ती मनातल्या मनात म्हणून पाहिली, शेवटच्या दोन शब्दांशी आली, उतरली. आता टाळी पडली असेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, पोरगी कदाचित सावकाश म्हणत असेल, अजून यायची असेल. होडी पुलाखालून गेली. मागे वळून बघावंसं फार वाटत होतं, पण ती बसून राहिली.

शेवटी खांद्यावर हात पडला. तामदादा पुढे येऊन उकिडवा बसला. त्याचे डोळे ओले होते, आणि तोंड मोठं करून, हळू, लहान मुलाशी बोलावं तसा तो बोलायला लागला. यापुढे सगळे आपल्याशी असेच बोलणार, हे तिच्या ध्यानात आलं.

“उतरली?” तिनं विचारलं.

“उतरली. काय उतरली, साउ. अगदी बरोबर.”

“मग टाळी पडली ना?”

तो खाली बघून बोलला, तेव्हा तिनं त्याची हनुवटी धरून वर केली. त्यानं पुन्हा सांगितलं.

“आम्ही तुझ्या पाठीकडे बघत राहिलो. सवय गं. नंतर वाजवली. पण तोवर तिनं हेल्मेट घातलं होतं.”

साउमावशीनं वळून पाहिलं. पायरी रिकामी होती आणि स्कूटर नव्हती. मुओईताई रस्त्याच्या मध्ये उभी राहून वळणाकडे बघत होती. तामदादानं खिशातून फोन काढला आणि समितीला आत्ताच्या आत्ता सांगतो म्हणून बटणं दाबायला लागला. मावशीनं त्याच्या फोनवर हात ठेवला.

“समिती राहू दे,” ती म्हणाली. “आधी तिला गाठ. न्यूंगची गाडी घे. आणि तू काय ऐकलंस ते तू सांग. माझं ती आता कशाला ऐकेल?”

तामदादा चप्पल शोधत उठला. साउमावशीनं मांडीखालचा दुसरा हात काढला. तो बधिर झाला होता, म्हणून ती तो चोळत बसली.