भिंतीवरची पहिली चिठ्ठी

चिमूच्या हातात नोटीस पडली आणि वहिनीचं डोकं सणकलं. 'सुरक्षा उपकरणात फेरफार केल्याबद्दल कामावरून का काढू नये, याचा खुलासा करावा.' खाली साहेबांची झोकदार सही. पुरावा म्हणून भिंतीचा फोटो आणि त्यात चिमूने स्वतःच्या हाताने डकवलेली चिठ्ठी. ती डकवायला लावली होती वहिनीनेच.

चिमू म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. चाळिशी उलटली तरी घरीदारी चिमूच. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत वहिनी सुपरवायझर आणि चिमू इस्त्रीच्या रोलर मशीनवर. नणंदेमुळे अख्खी लॉन्ड्री तिला वहिनीच म्हणायची. काम काढून घ्यायचं असलं की साहेबसुद्धा.

मागच्या आठवड्यात कामाची पद्धत सुधारायला बाहेरून एक माणूस आला होता, सुधारणावाला. त्याचं खरं पद वावभर लांबीचं होतं, पण लोकांनी एका शब्दात उरकलं. त्याने भिंतभर खाकी कागद लावला, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. आपण काय काम करतो ते लिहा, आधी काय, मग काय, तशा ओळीने लावा. जिथे काम अडतं तिथे गुलाबी चिठ्ठी. "नियमात काय आहे ते नको. खरं काय होतं ते लिहा. दोष माणसात नाही, पद्धतीत शोधायचाय." शेजारी साहेब साळसूदपणे मान डोलावत होते.

कुणी जागचं हललं नाही. मोकळेपणाने बोला असं वरच्यांनी सांगितलं की काय होतं, ते सगळ्यांनी आयुष्यभर बघितलेलं. शेवटी वहिनी उठली. 'काम वाटून देणे' एवढं लिहून तिने पहिली चिठ्ठी लावली आणि बायकांकडे वळली. "अगं, लिहा की! कुणी खात नाही तुम्हाला. माझा शब्द आहे."

वहिनीच्या शब्दावर चिमू उठली. तिने गुलाबी चिठ्ठी लावली : 'ओल्या चादरी आल्या की सेफ्टी बारमुळे मशीन सारखं थांबतं. म्हणून बार दोरीने बांधतो.' सेफ्टी बार म्हणजे रोलरपुढची दांडी. हात फार जवळ गेला की ती दबते आणि मशीन बंद पडतं. ओल्या चादरीचा बोळा झाला तरी दबते. चिठ्ठी वाचून सगळ्या हसल्या, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मग भराभर चिठ्ठ्या लागल्या आणि भिंत रंगीबेरंगी झाली.

आणि आता ही नोटीस. वहिनी तडक केबिनमध्ये घुसली. सुधारणावाला तिथेच बसला होता.

"मी फक्त अहवालाला फोटो जोडला हो," तो पुटपुटला.

"वा! दोष माणसात नाही म्हणालात ना? मग नोटीस काय भिंतीला दिलीत?"

साहेब शांतपणे म्हणाले, "वहिनी, बार बांधणं गुन्हा आहे. तिने स्वतः कबूल केलंय."

"बांधायला सांगितलं कोणी? मशीन थांबलं की फोन कोणाचा यायचा?"

"लेखी आहे काही?" साहेब हसले.

त्या हसण्याने तिच्या अंगाची लाही लाही झाली. गोड बोलून केसाने गळा कापला मेल्याने! ती दार आपटून बाहेर आली आणि कपडे बदलायच्या खोलीत चिमूसमोर साहेबांच्या सात पिढ्या उद्धरायला लागली.

चिमूने मध्येच थांबवलं. "साहेबाचा मला राग नाही. तो साहेबासारखाच वागला. पण वहिनी, पहिली चिठ्ठी तुझी होती. फोन तुझ्या टेबलावर यायचा. बार बांध म्हणून मला तू सांगायचीस. मग तू काय लिहिलंस? काम वाटून देणे?"

इतका वेळ वहिनी साहेबांवर जळत होती. आता त्याच आगीची धग स्वतःला लागली. सगळ्यांना खरं लिहा म्हणून सांगताना आपण मात्र मूग गिळले होते.

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई भिंत बघायला आल्या. सगळं समजावून सांगायचं काम साहेबांनी वहिनीवरच टाकलं होतं. तिने खिशातून एक गुलाबी चिठ्ठी काढली आणि पहिल्या चिठ्ठीच्याही आधी दाबून चिकटवली. बाईंनी ती मोठ्याने वाचली. "साहेबांचा फोन येतो. बार बांधा, पण मशीन थांबवू नका. ते मी चिमूला सांगते." खाली वहिनीची सही होती.

"हा कामाचा भाग नाही!" साहेब ओरडले.

"नाही? मग चिमूने बार काय हौसेने बांधला? इतके दिवस गप्प बसले ही माझी चूक. नोटीस काढायची तर माझ्या नावाने काढा. पण काम इथून सुरू होतं. तिच्या मशीनपासून नाही!"

कुणी हसलं नाही. "फोन मीही ऐकलाय," मागून चादरींच्या घड्या घालणारी म्हणाली. "मीपण," आणखी कुणीतरी म्हणालं. साहेबांनी सुधारणावाल्याकडे पाहिलं. तो चिठ्ठीचा फोटो काढत होता.

बाईंनी चिमूची नोटीस मागून घेतली आणि आपल्या बॅगेत टाकली. मग साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही आत चला." आणि वहिनीला, "चौकशी होईपर्यंत तुम्ही कामावर येऊ नका."

वहिनीने डबा उचलला आणि ती दाराकडे निघाली. तिकडे चिमूने बारची दोरी सोडून कचऱ्यात फेकली आणि मशीन सुरू केलं. चार चादरी गेल्या असतील नसतील, ओला बोळा आला, दांडी दबली, मशीन बंद पडलं. सवयीने सगळ्यांच्या माना वहिनीच्या टेबलावरच्या फोनकडे वळल्या.

चिमू मात्र हात पुसत दारापर्यंत आली. तिने वहिनीच्या हातातला डबा घेतला आणि फाटकाकडे चालू लागली.

"अगं, मशीन बंद पडलंय," वहिनी म्हणाली.

"पडू दे."