गुडघ्याचा हिसका

वर्लीनला काहीही करून त्या कोपऱ्यात शिरायचं होतं! हार्लेममधल्या त्या नाचघरात, बँडच्या डाव्या हाताला, लिंडी, म्हणजे तो उड्या-गिरक्यांचा जोडीनाच, नाचणारे वाघ उभे राहतात ना, तिथं. बाकीच्या फरशीवर कुणीही नाचा हो, पण कोपऱ्यात यायचं तर नाचाची स्वतःची चाल घेऊन. दुसऱ्याची उचलली की सगळे पाठ फिरवणार. शिवी नाही, धक्का नाही, नुसती पाठ.

दिवसभर लॉन्ड्रीत चादरी पिळायच्या आणि सुटली की गच्चीवर सायलसकडून शिकायचं, असं चाललं होतं तिचं. सायलस कोपऱ्यातलाच, पण त्याच्या जोडीदारणीशी, ओझेलाशी, त्याचं फाटलं होतं. त्यानं वर्लीनला एक उलटी गिरकी शिकवली. म्हणाला, "घे, ही तुझी." पोरगी हरखलीच! गुडघे सोलले, तरी थांबेना.

रविवारी दुपारी बँड तापला आणि सायलसनं तिला ओढत थेट कोपऱ्यात नेलं. तिनं गिरकी घेतली मात्र, सटासट पाठी फिरल्या! वर्लीनला काही कळेना. भांबावून नाचतच राहिली, आणि पाय टेकताना गुडघ्याला असा काही हिसका दिला, आपल्याच मनानं, की सायलसचे डोळे विस्फारले.

बँड थांबला. ओझेला वळली. "काय गं बये, माझी गिरकी कुणाच्या दोरीवर वाळत होती?"

सगळे फिदीफिदी.

"यानं शिकवली! म्हणाला, तुझीच आहे!"

"मी?" सायलस कॉलर नीट करत म्हणाला. "मला नाचता येतं बाई, शिकवता कुठं येतं?" बोलत होता हिच्याशी, बघत होता ओझेलाकडे. तेव्हा वर्लीनला उमगलं. त्याला ओझेलाला डिवचायचं होतं. ही नुसती काडी.

"बरं, गिरकी तुझी. पण शेवटचा हिसका माझा!"

"कुठला हिसका? आम्ही तर पाठमोरे होतो."

"सायलसनं पाहिलाय!"

सायलसनं छताकडे पाहिलं.

"मग दाखव ना," ओझेला म्हणाली.

आणि दाखवला की हो तिनं! एकटीनं, बँडशिवाय. कुणी हसलं नाही. ओझेला मान तिरकी करून बघत होती. "पुन्हा." वेडीनं पुन्हा दाखवला.

बँड सुरू झाला. ओझेलानं हात पुढे केला, सायलसनं तो धरला, जणू भांडण झालंच नव्हतं. गिरकी, उडी आणि तोच हिसका! अख्खा कोपरा किंचाळला. पाठ? एकाचीही नाही फिरली.

सोमवारी लॉन्ड्रीत सगळ्या पोरी साबणाच्या फेसात तोच हिसका देत होत्या. वर्लीन चादरी पिळत होती. शेवटी राहवलं नाही तिला. "गुडघा सैल सोड गं."

"तू नको सांगूस," शेजारची पोरगी म्हणाली, "ओझेलाचा आहे तो."

वर्लीननं पुढची चादर ओढली.