थोरल्याच्या पोटात माझी मोटर

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे, असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. पण खोटं कशाला बोलू? मी ड्रायरचं नुसतं टरफल आहे. माझं दार उघडलंत तर कपडे फिरवायचं रिकामं पिंप दिसेल. त्याखाली मोटर, चाकं, पट्टा असायला हवा, तिथे कोळ्याने जाळं विणलं आहे. या धुलाईघरातले लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. कपांची वर्तुळं पुसायचे कष्टही कुणी घेत नाही.

मी आणि माझा भाऊ, आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात तयार झालो. तिथे दारं तपासणारी एक बाई होती. ती डोळे मिटून दार लावायची आणि नुसत्या आवाजावरून ते नीट बसलं की नाही ते ओळखायची. माझ्या भावाचं दार तिने तीनदा लावून पाहिलं. माझं एकदाच लावलं आणि ती पुढे गेली. हे मी फुशारकीने सांगत नाही. किंवा हो, फुशारकीनेच सांगतो. मिरवायला माझ्याकडे दुसरं उरलंय काय?

धुलाईघरात आम्हाला शेजारीशेजारी उभं केलं. कपडे धुणं, वाळवणं, घड्या घालणं हे सगळं मावशी बघायच्या. त्या कुणाची मावशी होत्या कोण जाणे, पण सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. भाऊ आधी गाडीतून उतरला म्हणून त्यांनी त्याला थोरला म्हटलं आणि मला धाकटा. थोरल्याकडे हॉटेलचे टॉवेल आले. माझ्याकडे प्रसूतिगृहाची दुपटी आणि चादरी आल्या. एकदा तिथली एक परिचारिका गठ्ठा न्यायला आली, तेव्हा तिने माझ्यातून नुकतंच काढलेलं ऊबदार दुपटं गालाला लावलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

बरीच वर्षं झाली आणि आम्हाला घडवणारा कारखाना बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले. खरं तर तेव्हाच आम्ही भंगारात गेलो असतो, पण मिस्त्री होते. बुटके, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले, आणि कधी घाई न करणारे. त्यांनी जुन्या बाजारातल्या राशी उपसल्या. झिजलेली चाकं ओळखीच्या कारखान्यात लेथवर घासून घेतली. माझ्या दाराभोवतीची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी विरली, तेव्हा मावशींनी जुन्या घोंगडीची पट्टी कापून दाट टाक्यांनी शिवून दिली. मिस्त्री ती बसवताना म्हणाले, “मावशी, कंपनीची पट्टी इतकी टिकली नव्हती.” मावशी म्हणाल्या, “कंपनीला कुठे रोज हे दार उघडायचं होतं?”

मग एका सकाळी माझा पट्टा तुटला. मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि सांगितलं, “आठ दिवसांत पट्टा येतो. तोवर याला विश्रांती.”

त्याच आठवड्यात थोरल्याची चाकं किंचाळायला लागली. धुलाईघराचे मालक हातात घड्याळ धरून उभे राहिले. हॉटेलचे टॉवेल दुपारपर्यंत पोहोचवायचे होते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

“धाकट्याची काढतो. आठ दिवसांचाच प्रश्न आहे.”

“त्याची काढलीत तर तो कसा चालायचा?” मावशींनी विचारलं.

“परत बसवीन, मावशी. माझा शब्द आहे.”

शब्द खरा होता, मित्रांनो. मिस्त्री लबाड नव्हते. पट्टा मात्र आठ दिवसांऐवजी दीड महिन्याने आला. ते तो घेऊन हसतमुखाने माझ्यासमोर बसले, तेवढ्यात मालक म्हणाले, “याला चाकंच नाहीत, तर पट्टा घालून काय करणार? थोरल्याचाही झिजलाय. त्यालाच घाला.” मिस्त्रींनी पट्टा परत गुंडाळला. मग उठले आणि माझ्याकडे पाठ करून थोरल्याला पट्टा घातला.

एकदा दार उघडं राहिलं की काय, कुणीही आत येतं. पट्ट्यामागून गरम तारेचं वेटोळं गेलं. मग मोटर गेली. शेवटी बटणाएवढी एक कळ गेली. उष्णता फार वाढली की वीज तोडायची, एवढंच तिचं काम. दर वेळी “तात्पुरतं” म्हणायचे. पुढे तेही म्हणेनासे झाले.

थोरला मात्र गाजला. एवढ्या जुन्या यंत्रावर अजून काम चालतं म्हणून लोक बघायला यायचे. एक छायाचित्रकार आला. त्याने आपली बॅग माझ्या डोक्यावर टेकवली आणि थोरल्याचे दहाबारा फोटो काढले. मालक त्याला सांगत होते, “याचा एकही भाग बदललेला नाही. असं पोलाद आता बनत नाही.”

मावशी घड्या घालता घालता म्हणाल्या, “आत निम्मा धाकटा आहे, साहेब.”

मालक हसले. “आमच्या मावशींना यंत्रांतही नातलग दिसतात.”

छायाचित्रकारही हसला आणि माझ्यावरची बॅग उचलून निघून गेला. मला थोरल्याचा राग आला. तो माझ्या मोटरवर गुणगुणत होता. त्याचा काय दोष, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मग थोरला कामाच्या मध्येच बंद पडू लागला. एका आठवड्यात तीन वेळा. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मागच्या भिंतीत जाणाऱ्या नळीत हात घातला आणि कपड्यांच्या तंतूंचा मूठभर करडा लगदा बाहेर काढला.

“नळी आतून तुंबली आहे, मालक. गरम हवेला बाहेर जायला वाट नाही. म्हणून कळ वीज तोडते. भिंत उकरून नळी साफ करावी लागेल. दोन दिवस लागतील.”

“दोन दिवस? आणि हॉटेलला काय सांगू?”

“काहीही सांगा. पण तोवर हा चालवायचा नाही.”

“ती कळच काढून तारा जोडून टाका की. नळीचं नंतर बघू.”

मिस्त्रींनी पाना पिशवीत टाकला. “हे काम माझ्या हातून होणार नाही. मंगळवारी माणूस घेऊन येतो, भिंत उकरू.”

मी चालू असतो तर ते दोन दिवस सगळं ओझं एकट्याने उचललं असतं. त्यासाठीच तर आम्ही दोघं होतो. पण मला तर ओरबाडून रिकामं केलं होतं. मालकांनी पलीकडच्या गल्लीतल्या एका वायरमनला आणलं. त्याने दहा मिनिटांत तारा जोडल्या आणि कळ कचऱ्यात टाकली. माझीच कळ ती. दुसऱ्याच्या पोटात जाऊनही ती इमानाने खरं तेच सांगत होती.

सोमवारी दुपारी थोरल्यात दुपटी फिरत होती. आधी करपल्याचा वास आला. मग दाराच्या काचेमागे लाल दिसलं. मावशी धावल्या. त्यांनी दार उघडलं आणि बाळांची दुपटी वाचवायला उजवा हात आत घातला. दार उघडताच ज्वाळा बाहेर आली. मी दोन हातांवर होतो आणि काही करू शकत नव्हतो. शेजारच्या दुकानदारांनी मावशींना बाहेर ओढलं, मग बादल्या ओतल्या. थोरला काळा पडून तिथेच थंड झाला. माझं जे काही होतं, तेही त्याच्याबरोबर जळलं.

मंगळवारी सकाळी मिस्त्री ठरल्याप्रमाणे माणूस आणि छिन्नी घेऊन आले. दारातच थांबले. आत येऊन त्यांनी थोरल्याच्या मागे पाहिलं आणि विचारलं, “तारा कुणी जोडल्या?” मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माणसाला घेऊन निघून गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत.

महिन्याभराने मावशी आल्या. उजव्या हाताची दोन बोटं आत वळून राहिली होती. त्या हाताने चादरीची घडी घालता येणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मालकांनाही. मालक म्हणाले, “काय करणार मावशी, जुन्या यंत्राचा काय भरवसा.”

मावशी शांतपणे म्हणाल्या, “यंत्राला बोल लावू नका. त्याने तीन वेळा बंद पडून सांगितलं होतं.”

एवढं बोलून त्या गेल्या. मालक आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की जुन्या यंत्राने मावशींचा हात खाल्ला.

मित्रांनो, माझी कीव करू नका. रिकामं असण्याची सवय झाली आहे मला. पण तुमच्या घरात एखादं यंत्र कुरकुरलं, तापलं, अडून बसलं, तर ते कामचुकार आहे असं समजू नका. बोलायची त्याची तेवढीच रीत असते. त्याची धूळ काढा, त्याला उसंत द्या, आणि जो जाणकार “थांबा” म्हणतो त्याचं ऐका. “थांबा” म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही, हे मी पाहिलं आहे.

थोरल्याच्या जागी आता नवं पांढरं यंत्र आलं आहे. परवा त्याच्यावर एक लाल दिवा लुकलुकायला लागला. कामावरच्या नव्या बाईने मालकांना विचारलं, “हा दिवा कसला?”

मालक म्हणाले, “डोळ्याला त्रास होतो ना? त्यावर कागद चिकटव.”

तिने चिकटवला. कागदाखाली दिवा लागतोच आहे. इथून तो मला स्पष्ट दिसतो.