हळदीतला पाव्हणा

"आये, जन्मठेप झाली!" हरेशने मोबाईलवरची बातमी मोठ्यांदा वाचली आणि काशीबाई ओट्यावर मटकन खालीच बसली. "गेला एकदाचा मेला," ती म्हणाली. किती महिन्यांनी तिला असा छाती भरून श्वास घेता आला!

आता हा मेला म्हणजे विनीत. विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेला, गोरागोमटा, जिभेवर साखर. आधी लग्नाचे मंडप सजवायचा. तिथेच त्याने हेरलं, की आगऱ्यांच्या हळदीत 'तू कोण रे बाबा' असं पाव्हण्याला विचारायची पद्धतच नाही. सगळा गाव जेवायला, वर बेंजोचा दणका. मामाकडच्यांना वाटायचं हा काकाकडचा, काकाकडच्यांना वाटायचं मामाकडचा. हा पठ्ठ्या आग्रह करकरून मटण वाढायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, आणि अंगावर सोनं घातलेली एखादी एकटी म्हातारी बघून म्हणायचा, "चल गो मावशी, गाडीनं सोडतो." अशा चार जणी त्याच्या गाडीत बसल्या आणि कारखान्यांमागच्या नाल्यात सापडल्या. सोनं उल्हासनगरात विकताना हा दर वेळी सांगायचा, आई आजारी आहे. आई त्याची ठणठणीत होती!

चौथी ती मोरिवलीची वेणूबाई. तिने निघताना हरेशला फोन केला होता, रिक्षा घेऊन ये म्हणून. हरेश भाडं घेऊन उल्हासनगरात अडकलेला. तो पोचेपर्यंत ती विनीतच्या गाडीत बसून गेली होती. तिचा शेवटचा फोन हरेशला, म्हणून पोलिसांनी पहिलं उचललं ते हरेशलाच.

काशीबाई धवलारीण, लग्नाची गाणी गाणारी. हळदीला जो जो पुढे येईल त्याचं नाव, नातं विचारून ती गाण्यात गुंफायची. पोरगा कोठडीत असताना तिला आठवलं, शिरगावच्या हळदीत नवऱ्याचा मावसभाऊ म्हणून तिने गाण्यात घेतला तो माणूस, आणि वेणूबाई गेली त्या हळदीत नवरीचा मामा म्हणून घेतला तो, दोघांचं थोबाड एकच! तिने पोलीस चौकी गाठली. लग्नांचे व्हिडिओ बघितले, तर चारही हळदींत पठ्ठ्या हजर. हरेश सुटला.

पण गाव कुठं सोडतंय? "आगीशिवाय धूर निघतो काय?" असं लोक म्हणायचे. हरेशच्या रिक्षात बाया बसेनात आणि काशीबाईला हळदीचं आवतण येईना. ते एक वेळ ती सोसायची. पण हरेश जेवता जेवता घास हातात धरून बसून राहायचा, ते तिला बघवत नव्हतं.

निकालाच्या त्याच संध्याकाळी वेणूबाईची नात नूतन दारात आली. तिला बघताच हरेश उठून आत निघाला.

"काशीआजी, शुक्रवारी माझी हळद हाय. गायला यायचं."

"आज आठवण झाली का गो आमची?" काशीबाई फणकारली. वर्षाचा राग होता तो, कशाला गिळेल?

"चुकलंच आमचं," नूतन म्हणाली. मग आत बघून तिने हाक मारली, "हरेशदादा, थांब ना जरा."

हरेश दारातच थांबला. मान वर करेना. "मी येळेवर पोचलो असतो तर आज आजी असती नूतन."

"इतक्या रिक्षा होत्या गावात. तिनं फोन कुणाला केला? तुलाच ना?" नूतन दोन पावलं आत आली. "माझ्या आत्या, मावश्या, सगळ्या म्हाताऱ्या सोनं घालून येणार. एकेकीला घराच्या दारात सोडायचंस. तूच. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी त्यांना बसू देणार नाय."

हरेश चौकटीला टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. काशीबाईच्याही डोळ्यांना धारा लागल्या, पण ती हसतही होती.

"अरे रडतोस काय मेल्या," ती ओरडली, "जा, रिक्षा धू जा!"